ज्ञानेशच्या पत्रिकेची काटछाट

दादासाहेबांच्या वर्षालीनं भावाच्या, ज्ञानेशच्या, लग्नपत्रिकेतली सगळी नावं उडवली आणि पत्रिका वाटून झाल्यावर निघोजे गावात जी शांतता पसरली, ती काही चांगली नव्हती.

तशी पोरगी गुणी. दर रविवारी चिंचवडला लेखन-संपादनाच्या वर्गाला जायची. सर सांगायचे, "वाचकाला नको ते कापा. दयामाया दाखवू नका." शेवटी प्रत्येकानं स्वतः संपादन केलेलं छापील काम द्यायचं, त्यावर आपलं नाव हवं. ज्याचं पसंत पडेल त्याला पुण्यातल्या प्रकाशनात उमेदवारी. वर्षालीला ती हवीच होती. नाहीतर भावाच्याच कंपनीत डिस्पॅचला बसायचं घरात ठरून गेलं होतं.

तेवढ्यात छापायच्या पत्रिकेचा मजकूर हाताशी आला. प्रेषक, कार्यवाहक, व्यवस्थापक, चिल्ल्यापिल्ल्यांची किलबिल, समस्त मित्रपरिवार! वर्षालीनं दयामाया दाखवली नाही. राहिले नवरा, नवरी, आईबाप, मुहूर्त, आणि तळाशी एक ओळ : शब्दसंपादन, कु. वर्षाली. अहाहा, काय सुटसुटीत पत्रिका!

पहिले आले भैरूकाका. लग्नाचा मांडव त्यांच्याच वावरात घालायचा होता.

"दादा, आमी मेलो का काय?"

"असं का बोलतोस रं?"

"मग नाव कुटं गेलं? नाव न्हाई त्याच्या वावरात मांडव कशाला? मी मेथी पेरतो."

मग रुपालीवहिनी. "आमच्या पोरांची किलबिल जड झाली व्हय? मग हळदपण तुमची तुमीच फोडा." संध्याकाळी ज्ञानेशच्या मित्रांचा फोन. "भावा, आपलं नाव नाही, मग आपण त्या दिवशी ओव्हरटाइम करतो." ज्ञानेश बहिणीकडं असा बघायला लागला की तिनं जेवणाचं ताट घेऊन स्वयंपाकघर गाठलं.

रुसली नाही ती एकटी सोजराआत्या. वर्षालीला तिनंच न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. आत्याला वाचता येत नव्हतं, पण भावकीतली पत्रिका आली की आपलं नाव बघितल्याशिवाय ती खाली ठेवत नसे.

"वर्षे, माजं नाव कुटं हाय? बोट ठिव गं."

वर्षालीला बोट ठेवायला जागा सापडेना.

"असू दे," आत्या म्हणाली, "जागा नसंल." आणि ज्वारी निवडायला बसली.

वर्षालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुठून बुद्धी सुचली आणि हात लावला त्या पत्रिकेला!

दुसऱ्या दिवशी ती चाकणच्या छापखान्यात. सगळी नावं परत घातली. पुढं कुणी रुसायला नको म्हणून सोयऱ्यांचे सोयरेही घातले.

"ताई, एक ओळ बसंना," छापखानेवाला म्हणाला. "खालच्या दोनातली एकच मावंल. ह्या सोजराबाई काढू?"

दुसरी ओळ शब्दसंपादनाची होती. वर्षालीचं स्वतःचं नाव तेवढ्याच ओळीत होतं. संपादकानं मागं राहावं, असंही सरांनीच शिकवलेलं.

"माझी काढा."

गेली उमेदवारी. ती पहिली पत्रिका सरांपुढं ठेवायची तर आता तिलाच नको झाली होती.

हळदीच्या दिवशी मात्र सगळं गोकुळ जमलं. मांडव उभा राहिला, डीजे लागला. आत्या नवी पत्रिका हातात घेऊन ज्याला त्याला आपलं नाव दाखवत फिरत होती. फिरत फिरत वर्षालीपाशी आली.

"आता तुजं दाव."

"माझं नाही आत्या. जागा नव्हती."

"जागा न्हाई? भैरूच्या नातवाला हाय आन् तुला न्हाई? कुणी कापलं?"

"मीच."

आत्यानं पदर खोचला आणि मांडवाबाहेरच्या खाटेवर जाऊन बसली.

"दादा! पोरीचं नाव आल्याबिगर मी मांडवात पाय टाकायची न्हाई!"

दादासाहेबांनी कपाळाला हात लावला. वर्षाली पेन घेऊन धावली. आत्याच्या पत्रिकेवर, तिच्या नावाशेजारी तिनं आपलं नाव लिहिलं आणि आत्याचं बोट धरून त्यावर टेकवलं.

"झालं? आता चल आत्या, हळद खोळंबलीय."

"आन् बाकीच्यांच्या पत्रिकेवर?"

"आत्या, अख्ख्या गावात वाटल्यात!"

"मग लिहीत बस. मी हाय हितंच."

वर्षाली रडकुंडीला येऊन इकडंतिकडं बघायला लागली. एवढ्यात भैरूकाका खाटेवर आत्याच्या शेजारी येऊन बसले आणि खिशातून घडी घातलेली पत्रिका काढून म्हणाले, "माज्यापास्नं सुरू कर."