रेणुकादास सरांची फेलोशिप बॅच

माणूस जन्मतो, शिकतो आणि मरतो. लातुरात यातला मधला टप्पा जरा लांबवलेला आहे. भूकंपानंतर या गावाने दोन गोष्टी मजबूत बांधल्या: घरं आणि क्लासेस. घरांबद्दल अजून थोडी शंका आहे.

एमबीबीएस, मग एमडी, मग डीएम झालं की माणूस हृदयरोगतज्ज्ञ होतो, असा पूर्वी गैरसमज होता. आता त्यावर हृदयाच्या बंद नळीत तार सरकवून ती उघडायची खास फेलोशिप असते. जागा मोजक्या. म्हणून रेणुकादास सरांनी डाळमिलमागे तिचाही क्लास काढला. (सर मूळचे वनस्पतिशास्त्राचे. देठ काय आणि धमनी काय, आतून पातळच वाहतं, असं त्यांचं मत.)

शिस्त कडक. टक्कल पडलेले डॉक्टर युनिफॉर्मात येत, मोबाईल पेटीत टाकत. पेशंट बघायला सक्त मनाई, कारण पेशंट पुस्तकाप्रमाणे आजारी पडत नाही आणि मुलांचा पाया कच्चा राहतो.

नांदेडच्या डॉ. आलोकचा पाया असाच कच्चा होता. हाताला गुण मोठा, पण मॉक टेस्टमध्ये गडी एकोणिसाव्याच्या वर सरकला नाही. वयाच्या अटीमुळे यंदा शेवटची संधी. आणि अखेरच्या टेस्टला जो गैरहजर त्याला बॅचमधून नारळ, हा सरांचा नियम; प्रवेश परीक्षेचे फॉर्मही सरांच्याच हातून जात.

त्याच टेस्टला, पेपर वाटून झाल्यावर, सरांचा हात छातीवर गेला. दरदरून घाम फुटला. समोर खोलीभर हृदयरोगतज्ज्ञ. सगळ्यांनी वर पाहिलं आणि परत खाली पाहिलं, कारण चार पर्याय दिलेले नव्हते आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापतात. आलोकने कोऱ्या पेपरकडे पाहिलं. त्याला रडू आलं, पण तो उठला. सरांना ऑटोत घालून त्याने ओळखीच्या हॉस्पिटलात नेलं आणि टेबलावर घेतलं.

सरांनी डोळे उघडले. "कोण करायलंय?"

"मी सर, आलोक."

"एकोणिसावा नंबर! मला मारून टाकायलास का? पहिल्या नंबरच्या मनस्विनीला बोलव!"

पेपर पुरा करून मनस्विनी धावत आली. पोरगी हुशार, पण नियम पाळल्यामुळे दोन वर्षांत तिने तारेला हात लावला नव्हता.

"दादा, तूच उघड नळी," ती कुजबुजली.

"तू नुसती उशाशी उभी राहून बोलत राहा."

दोघांच्या तोंडाला मास्क. ती "झालंच हं सर" म्हणत राहिली आणि आलोकने नळी उघडली. सर वाचले.

आठवड्यात बसस्टँडसमोर होर्डिंग लागलं. मनस्विनीचा फोटो, खाली ओळ: 'गुरूचं हृदय, पहिल्या नंबरच्या हाती'. तिने सरांना खरं सांगून पाहिलं. सर गहिवरले आणि होर्डिंगवर 'विनयशील' हा शब्द वाढवला. आलोकला गैरहजेरीबद्दल नारळ मिळाला.

तो नांदेडला परतला. पाटीवर फेलोशिप नाही. मुकाट्याने नळ्या उघडतो.

वाचकहो, आलोकसाठी तुम्ही हळहळलात, हे तुमच्या सहृदयतेला शोभलं. परवा वडिलांच्या छातीत दुखलं तेव्हा त्याच्याच दारात गाडी थांबवून तुम्ही पाटी वाचलीत, आणि तशीच हैदराबादकडे दामटलीत.