बबनराव आणि बोटांनी वाचायचे पक्षी

माझे मेहुणे बबनराव कुठलंही चित्र पाहिलं की त्यात काय आहे ते मोठ्यानं सांगतात. आपल्याला दिसत असलं तरी. मागे लोहाऱ्यात एका ओळखीच्या घरी म्हातारे वारले म्हणून आम्ही दोघं भेटायला गेलो होतो. सगळे मान खाली घालून बसलेले. बबनरावांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "चित्र. फेटेवाले गृहस्थ. नजर डावीकडे. हारामुळं हनुवटी दिसत नाही."

म्हाताऱ्यांचा मुलगा रडता रडता उठला आणि त्यानं हार खाली सरकवला. मी चपला शोधायला लागलो.

दोष त्यांचा नाही, कामाचा आहे. यवतमाळच्या एका छापखान्यात जन्मभर लग्नपत्रिका जुळवल्यावर, निवृत्तीनंतर ते एका संस्थेमार्फत ब्रेल वाचणाऱ्यांसाठी पुस्तकं तयार करायला लागले. पुस्तक म्हणजे संगणकावरची फाइल. ती एका लांबट यंत्रात घातली की ठिपके वर येतात आणि वाचणारा त्यांवरून बोट फिरवतो. पण बोटाला ठळक अक्षर कळत नाही, मोठं कळत नाही. शीर्षकाला फाइलमध्ये शीर्षक म्हणून खूण करावी लागते, तेव्हा कुठे एका बटणात पुढच्या धड्यावर जाता येतं. चित्र असेल तर ते शब्दांत लिहावं लागतं. आणि मजकूर मधोमध आणायला कोणी वीसदा स्पेस दाबून ठेवली असेल, तर बोट बिचारं माळरानावर हिंडत राहतं.

"तीस वर्षं मीच स्पेस दाबून राह्यलो ना, जवाईबापू," ते म्हणतात. "एकेका पत्रिकेत पऱ्हाटी पेरता येईन एवढी जागा सोडली. आता फेडून राह्यलो."

फेडता फेडता सवय घरापर्यंत आली. माझी बायको विमल त्यांची धाकटी बहीण. ती नेरच्या लग्नाची हकिकत सांगायला लागली की ते मध्येच विचारतात, "विमल, हे हेडिंग हाय का साधा मजकूर?" विमल चिडून गप्प होते. मला हे चोवीस वर्षांत जमलं नव्हतं. मी त्यांना फार मानतो.

बबनराव स्वतः मात्र एकाच माणसाला भितात. नेरच्या सुमनताईंना. त्या शाळेत गाणं शिकवायच्या, त्यांना जन्मापासून दिसत नाही. प्रत्येक पुस्तक आधी त्यांच्या बोटांखालून जातं आणि त्यांचा होकार आला तरच पुढे जातं. दर शनिवारी फोन येतो. बबनराव उभं राहून तो घेतात.

यंदा पक्ष्यांचं पुस्तक होतं, पानोपानी चित्रं. मदत म्हणून मी घुबड मागून घेतलं. कॉलेजात मी कविता करायचो, त्यामुळे लिहिलं, 'अंधाराच्या वाटेवरचा गूढ प्रवासी.' शनिवारी फोन आला. "प्रवासी एसटीतबी असतात," सुमनताई म्हणाल्या. "याले कानासारखे तुरे हायत का नाही, ते सांगा." मला परत खंड्या-पोपटाजवळ फिरकू दिलं नाही.

सगळे पक्षी झाले आणि काम अडलं ते भलत्याच जागी. संस्थेनं ठरवलं की शेवटच्या पानावर पुस्तक तयार करणाऱ्याचा फोटो टाकायचा. फोटो आला की वर्णन आलं. अख्खं जंगल लिहून काढलेला माणूस स्वतःपाशी येऊन अडला. एक आठवडा गेला, दुसरा गेला. तिकडे सुमनताई पुस्तकासाठी खोळंबलेल्या.

"बाकीचे पक्षी आले," त्यांनी फोनवर विचारलं, "हा शेवटचा काहून येऊन नाही राह्यला?"

बबनराव घाईघाईनं माझ्याकडे आले. मी कसा दिसतो ते खरं सांगा, म्हणाले. मी लगेच 'रुबाबदार, भव्य कपाळ' असं लिहून दिलं. त्यांनी ते वाचून कागद परत केला.

"टक्कल हाय ते. सुमनताईले तपासता येत नाही, म्हणून तर खोटं सांगता येत नाही, जवाईबापू."

मी मुकाट्यानं फोटो पुन्हा पाहिला. तो मीच काढला होता, त्यांच्या ओसरीत. त्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची आली होती, त्यांच्या बायकोची, म्हणजे वहिनींची. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली. तेवढी कडा कापून टाकू का, मी विचारलं. ते नाही म्हणाले आणि माझ्यासमोरच टाइप करायला बसले. 'साठी ओलांडलेला माणूस. टक्कल. चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. हसण्याचा प्रयत्न केलेला आहे. शेजारी एक खुर्ची, तिच्यावर जुन्या पेपरांचा ढीग.'

पाठवून दिलं. शनिवारी मी मुद्दाम त्यांच्या ओसरीत थांबलो. फोन आला, बबनराव उभे राहिले. पुस्तक पास झालं होतं. मी सुटलो म्हणून निघणार, तेवढ्यात पलीकडून सुमनताईंचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"बबनराव, त्या खुर्चीवर कोणी बसत नाही काय?"

बबनरावांनी खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पेपर असतात."

"पुढल्या महिन्यात मले यवतमाळले काम हाय," सुमनताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बबनराव तसेच उभे होते. मग वाकले आणि खुर्चीवरचे पेपर एकेक गठ्ठा करून खाली ठेवू लागले. मी मदतीला हात पुढे केला, तर मानेनंच नको म्हणाले. खुर्ची मोकळी झाल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि पाठीपासून हातापर्यंत तिच्यावरून सावकाश बोटं फिरवली, कुठे काही टोचतं का ते पाहत.