भास्करराव आणि रुसलेली शेगडी

भास्करराव आमच्या घरी आले की माणसांकडे नंतर बघत, आधी शेगडीकडे. चपला काढता काढताच विचारत, "आज कुठली बाजू रुसलीय?"

कलकत्त्यात भवानीपूरला ते आमच्याच घराच्या खालच्या मजल्यावर राहत. नोकरी खिदिरपूरच्या गोदीत. जन्मही तिथलाच, त्यामुळे त्यांचं मराठी ऐकून मला घाम फुटे. बंगाल्यांसारखे ते चहा खात, पाणी खात, सिगरेटही खात. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. चुकीचं मराठी ऐकून गप्प बसायला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. मी दर वेळी दुरुस्त करी. त्यांना राग येत नसे. "हं, पितो," म्हणत आणि पुन्हा खात.

शेगडी म्हणजे आतून माती लिंपलेली लोखंडी बालदी, मध्ये जाळी. तिच्यात जळत ते गुल, म्हणजे कोळशाच्या चुऱ्यात शेणमाती कालवून उन्हात वाळवलेले गोळे. बदली होऊन आलो त्याच आठवड्यात माझी बायको सुशीला म्हणाली, "गुल आलेत." मी म्हटलं, आपल्याकडे गुल होतं ते जातं, येत नाही. ती हसली नाही. तिच्या हातातली भाकरी एका अंगानं कोळसा झाली होती आणि दुसऱ्या अंगानं अजून पीठच होती.

हा रोग भास्कररावांनी मनावर घेतला. पहिलं निदान, गुल ओले. ते गच्चीवर वाळवले. मग गोळे लहानमोठे आहेत म्हणून बटाट्यांसारखे निवडले. मग जाळीतली राख तारेनं टोकरली. शेवटी एका रविवारी बालदी आडवी करून त्यांनी जाहीर केलं, "वहिनी, डावीकडे माती जाड बसलीय. वारा जाणार कुठून?" माती खरवडली. सोमवारी भाकरी उजवीकडून कच्ची राहिली.

मी सुशीलेला म्हटलं, या माणसाला शेगडीतलं काही कळत नाही.

ती म्हणाली, "त्यांची आई गेल्यापासून खाली मराठी बोलतं कोण? बायको बंगाली, मुलं बंगालीच बोलतात. इथं येऊन मला वहिनी म्हणतात, तुमच्याकडून दोन शब्द सुधारून घेतात. शेगडी नीट झाली तर यायचं काय निमित्त सांगतील?"

आणि नेमका आमचा गॅसचा नंबर लागला.

गॅस घरात आला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भास्करराव आले. शेगडी बाल्कनीत गेली होती. ते वाकून बर्नरकडे बघत राहिले. ज्योत निळी, सगळीकडून सारखी. त्यांनी पातेलं उचलून पाहिलं, बटण कमीजास्त करून पाहिलं.

"काही दोष नाही," ते म्हणाले. मग रुमालाला हात पुसले; हात स्वच्छच होते. "आता तुमची काळजी मिटली, वहिनी." आणि दाराकडे वळले.

सुशीलेनं गॅस बंद केला. "भाऊजी, मला हा पेटवायची धास्ती वाटते. भडका उडाला म्हणजे? ह्यांचा तर हातच पुढे होत नाही. रोज कामावरून आलात की एवढा पेटवून देत जा."

सकाळपासून तिनं त्याच गॅसवर चहा, वरणभात आणि माझं आंघोळीचं पाणी केलं होतं. मी पेपर वाचत राहिलो.

भास्कररावांनी काडेपेटी मागितली आणि स्टूल ओढून बसले. "आधी काडी, मग बटण," ते म्हणाले. "नीट समजावून सांगतो, वहिनी. वेळ लागेल."