गालांची लॉगशीट

आमचे शेजारी प्रभाकर नाना दर रविवारी सकाळी गच्चीवर उभे राहून स्वतःचे गाल मोजतात. आरशात बघून नव्हे, बोटांनी चिमटून नव्हे. व्हर्नियरने. कारखान्यात सळईची जाडी मोजायला तो पट्टीचा चिमटा वापरतात ना, तोच. एक जबडा तोंडात, दुसरा गालाच्या बाहेर. त्याआधी तो उकळत्या पाण्यातून काढलेला असतो, कारण नाना म्हणतात, "उपकरण स्वच्छ नसेल तर रीडिंगला अर्थ नाही."

आता स्वतःच्या गालाला लावलेला आकडा स्वतःला कसा दिसणार? पण दीपनगरच्या वीजकेंद्रात तीस वर्षं मीटर आणि गेज सांभाळलेल्या माणसाला हे अजून पटलेलं नाही. पाचेक मिनिटं मान तिरकी करून झाली, की शेवटी माझ्या गच्चीकडे हाक येते.

"ओ पाटील! या, रीडिंग घ्या."

मी जातो, वाकतो, वाचतो. "डावा, अकरा पूर्णांक दोन." नानांच्या तोंडात लोखंड असल्यामुळे ते काही बोलू शकत नाहीत, नुसती मान डोलावतात. मग उजवा. मग हे सगळं एका लांबलचक वहीत जातं. तारीख, वजन, डावा गाल, उजवा गाल, शेरा. नाना तिला लॉगशीट म्हणतात.

"उभ्या आयुष्यात या माणसाने कधी तोंडाला पावडर लावली नाही," नानी जिन्यातून ओरडतात, "आणि आता सत्तरीला आल्यावर गालांचे लाड!"

मीही पोट धरून हसलो असतो. पण मला हसायला तोंडच नव्हतं. म्हणजे अगदी शब्दशः नव्हतं, ते आधीच आटलं होतं.

झालं असं, की मी पाइपच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे. दिवसभर खुर्ची, समोर चहा, संध्याकाळी शेवभाजी. वजन चौऱ्याण्णव किलो. डॉक्टर म्हणाले, बारा किलो उतरवा. त्यांनी सावकाश उतरवा असं म्हटलं होतं, हे बायको अजून सांगते. मला ते ऐकूच आलं नाही. मी दुसऱ्या दिवसापासून काकडी आणि ताक यांवर आलो. मेहरुण तलावाला सकाळी तीन फेऱ्या, संध्याकाळी दोन. हिवाळ्यात मित्राच्या शेतात भरीत पार्टी झाली. काट्यांच्या जाळावर वांगी भाजलेली, लसणाची पात, शेंगदाणे, तेलाचा तो वास! आणि मी कोपऱ्यात डबा उघडून काकडी खातोय. लोक माझ्याकडे असे बघत होते की जणू मी त्यांच्याशी भांडून बसलोय.

दोन महिन्यांत नऊ किलो! छाती फुगवून काट्यावरून उतरलो. मग आरशात पाहिलं. पोट होतं तिथेच होतं. चेहराच गेला होता.

आणि खानदेशात माणसाचा चेहरा उतरला की तो डाएटवर आहे असं कोणीही समजत नाही. तो गेल्यातच जमा. ऑफिसात लोक माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. धरणगावहून मामा-मामी नारळपाणी आणि डझनभर मोसंबी घेऊन आले. मी खुर्चीत बसलो होतो, तरी मामी शेजारच्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि मला म्हणाल्या, "पडून राहा, उठू नकोस." मग स्वयंपाकघरात बायकोला हळूच विचारलं, "रिपोर्ट काय आले?"

"अहो मामी, डाएट करताहेत ते."

"सुरुवातीला असंच सांगतात गं बाई," म्हणून मामींनी डोळ्याला पदर लावला.

पुढच्या आठवड्यात धरणगावहून आणखी दोन तुकड्या आल्या. चुलतभाऊ तर जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पोरीचं यंदाच उरकून घेऊ. वाट कशाला बघायची?" माझी पोरगी अकरावीत आहे.

ही शेवटची तुकडी निघाली तेव्हा नाना दारात उभे होते. त्यांनी मला खालून वर पाहिलं, गालांवर येऊन थांबले.

"पाटील, तुम्ही लोड झटक्यात पाडला."

"म्हणजे?"

"युनिट बंद करायचं असलं तरी लोड टप्प्याटप्प्याने उतरवतात. तुम्ही एकदम खटका ओढला. मग सगळंच ट्रिप होणार. चरबी राहिली पोटावर आणि मांस गेलं सगळं."

नाना स्वतः सहा महिन्यांपासून वजन उतरवत होते. गुडघे गेले होते आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन कमी करा नाहीतर ऑपरेशन. त्यांचे अकरा किलो गेले होते आणि चेहरा जिथल्या तिथे! मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. मी त्यांचा शिष्य झालो.

काकडी बंद. कळण्याची भाकरी सुरू. "ज्वारीत उडीद दळलेला असतो पाटील, आपल्या आजीला प्रोटीन हा शब्द माहीत नव्हता, पण भाकरी माहीत होती." वरणाची डाळ चमच्याला चिकटेल इतकी घट्ट. रोज दोन अंडी, मूठभर शेंगदाणे. "तेल बंद नाही करायचं, मोजायचं. बेअरिंगला ग्रीस नको का?" पाणी भरपूर, दहाला झोप, उन्हात निघालात तर तोंडाला उपरणं. आणि गच्चीवर पाण्याने भरलेले दोन कॅन उचलायचे. पहिल्या दिवशी मी खाली बसलो तो उठलोच नाही. नाना शांतपणे लॉगशीट भरत होते. "घाई नाही," म्हणाले, "वयाने गाल जायचे ते जाणारच. आपल्या हातात आहेत तेवढे तर सांभाळू."

एका रविवारी रीडिंग घेताना मी चेष्टा केली. "नाना, एवढे गाल जपताय, कुठे स्थळ बघायला जायचंय की काय?"

नानांना चेष्टा चालते. पण त्या दिवशी ते हसले नाहीत. व्हर्नियर पुसून खिशात ठेवला आणि म्हणाले, "आज धुळ्याला जायचं का? गाडी तुम्ही चालवा."

एरंडोल मागे पडलं. पारोळ्याच्या अलीकडे एकदम बोलायला लागले.

"माझी अक्का आहे धुळ्याला. मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो आणि अक्का चौदाची. तिनेच वाढवलं. आता तिला दिसत नाही. आवाजही लक्षात राहत नाहीत. कोणी काही सांगितलं तरी पटत नाही. फक्त हात लावला की ओळखते. माझे गाल दोन्ही तळव्यांत धरते आणि म्हणते, परभा उना, आला परभा."

"मग?"

"दोन वर्षांपूर्वी मला टायफॉइड झाला. वाळलो पार. बरा झाल्यावर तसाच गेलो. तिने गालांना हात लावला आणि एकदम मागे घेतला. म्हणाली, 'हाऊ मना परभा नही. कोन शे हाऊ?' मी खूप सांगितलं. भाच्याने सांगितलं. नाही म्हणजे नाही. मग म्हणाली, 'पाहुण्याले चहा द्या रे.'"

नाना खिडकीबाहेर बघत होते.

"पाहुणा म्हणून चहा प्यायलो पाटील, आणि परत आलो. पुढे वजन भरलं तेव्हा ओळखायला लागली. आता हे गुडघे. वजन उतरवायला लागल्यापासून मी गेलोच नाही. सात महिने. धीर होत नाही. भाचा फोनवर सांगतो, रोज विचारते, परभा का येत नाही."

इतके दिवस मी या माणसाच्या गालांची थट्टा करत होतो.

देवपुरात भाच्याचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावर नाना थांबले आणि खिशातून व्हर्नियर काढला. "एकदा बघा." जिन्यात मी त्यांच्या तोंडात लोखंड घालून वाचायला लागलो. वरून पिशवी घेऊन उतरणाऱ्या एक बाई आम्हाला बघून तशाच परत वर गेल्या.

"अकरा पूर्णांक दोन. दोन्हीकडे."

"नक्की?"

"नक्की."

उजवा दहा पूर्णांक नऊ होता. मी सांगितलं नाही.

अक्का पलंगावर बसल्या होत्या, एवढ्याशा. नाना दुखऱ्या गुडघ्यांवरच त्यांच्यापुढे बसले. चेहरा पुढे केला. अक्कांचे हात वर आले. कपाळ, कान, मग दोन्ही गाल. तळवे तिथेच थांबले. कपाळाला आठ्या पडल्या.

"गाल बसी गयात रे तुना," अक्का रागावून म्हणाल्या. "भाकर खास का नही, परभा? इतला दिन कोठे व्हता?"

आणि नानांच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर दोन्ही हातांची बोटं कडाकडा मोडली.

सात महिन्यांच्या भाकऱ्या, डाळ, अंडी, पाण्याचे कॅन, मिलिमीटरचे दशांश! आणि बाई म्हणते, गाल बसले! नाना हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. "बसनात अक्का, पार बसनात," म्हणत त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून बसले.

थोड्या वेळाने अक्कांनी विचारलं, "संगे कोन शे?" नानांनी मला पुढे ओढलं. खरखरीत तळवे माझ्या चेहऱ्यावर आले, खड्ड्यांत गेले आणि थबकले.

"अरे देवा! याले घरमा कोनी खावाले देस नही का?"

सगळे हसले. मलाही हसू आलं. पण त्यांनी माझ्याही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि मी तिथेच नानांशेजारी खाली बसलो. माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली. त्यानंतर गालाला हात लावून मी जेवतो की नाही हे मला कोणी विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी हाक आली. गेलो. लॉगशीटमधला शेऱ्याचा रकाना एरवी कोरा असतो. त्या दिवशी तिथे नानांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, "अक्काच्या मते कमी. अक्काचं माप ग्राह्य."

मी व्हर्नियर घ्यायला हात पुढे केला, तर नानांनी तो दिला नाही. उकळत्या पाण्यातून काढला, पुसला, चष्मा चढवला.

"आज तुमचा गाल, पाटील. आता दर महिन्याला अक्काकडे जायचंय. तिने तुम्हालाही ओळखलं पाहिजे."

मी निमूटपणे तोंड उघडलं.