ढब्बूच्या नकाशातला खांब

"मॅडम, रविवारी तुम्ही फक्त सोफ्यावर बसायचं. चहा आपल्या पायांनी चालत तुमच्याकडे येईल!"

सरांनी प्राचार्य मॅडमना फोनवर असं ठणकावून सांगितलं, आणि आत स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोने कपाळावर हात मारून घेतला. गेल्या वेळी सरांनी असं ठणकावलं होतं, तेव्हा आपोआप उघडणाऱ्या दाराने तिला दीड तास न्हाणीघरात कोंडून ठेवलं होतं.

सर पॉलिटेक्निकमध्ये इंजिनीअरिंग ड्रॉइंग शिकवत. म्हणजे बावीस वर्षं पोरांच्या वाकड्या रेघांवर लाल पेन चालवत होते. आता कॉलेजात रोबोटची प्रयोगशाळा निघणार होती आणि तिचा प्रमुख कोण, ते मॅडम ठरवणार होत्या. सरांना ती प्रयोगशाळा इतकी हवी होती, की मनातल्या मनात त्यांनी तिच्या खिडक्यांना पडदेसुद्धा लावून टाकले होते. नाही मिळाली, तर रिटायर होईपर्यंत पुन्हा त्याच वाकड्या रेघा!

आणि हातात हुकमी एक्का होता ढब्बू. दोन वर्षं खपून सरांनी तो घरीच बनवला होता. गुडघ्याएवढा, गोलमटोल, खाली तीन चाकं, पोटात बॅटरी, डोक्यावर ट्रे. नडगीच्या उंचीवर एक गरगर फिरणारा लेझर, तोच त्याचा डोळा.

"मामा, चालत्या रोबोटला तीनच प्रश्न पडतात," सरांनी सासऱ्यांना समजावलं. "मी कुठे आहे? मला जायचंय कुठे? आणि वाटेत कुणाला न धडकता जायचं कसं?"

"रिटायर माणसालाही हेच पडतात," सासरे पेपराआडून म्हणाले.

सासरे सहा महिन्यांपूर्वी लेकीकडे राहायला आले होते. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. डोळ्याला भिंग लावायचं, श्वास रोखायचा आणि केसाएवढी स्प्रिंग बसवायची, हा धंदा! त्यामुळे माणूस एकदा बसला की बसला. हॉलमधल्या खुर्चीत, उजव्या पायावर डावा पाय टाकून ते पेपर वाचायला लागले, की माशीसुद्धा खुशाल त्यांच्यावर मुक्काम करी.

"चाकांचे फेरे मोजून त्याला कळतं आपण किती चाललो ते," सर पुढे म्हणाले. "पण चाक घसरलं की हिशेब चुकला! म्हणून आधी घरभर हिंडून तो नकाशा बनवतो. मग लेझरने जे दिसतं, ते नकाशाशी ताडून बघतो. आज नकाशा करायचाय. तेव्हा कृपा करून कुणी मध्ये हलायचं नाही!"

बायको शेजारी निघून गेली. सासरे म्हणाले, "मी नाही हलत. चालू दे तुमचं."

आणि खरंच नाही हलले. तीन तास!

नकाशा झकास आला. पुढचे चार दिवस ढब्बू स्वयंपाकघरातून निघे, बोळातून वळून हॉलमध्ये येई आणि सोफ्यापुढे उभा राही. एकदाही चुकला नाही. सर तर हवेतच होते.

रविवारी सकाळी त्यांनी हॉलवरून नजर फिरवली आणि चुळबुळ सुरू केली.

"मामा, आज जरा तासभर... खाली बागेतल्या बाकावर... म्हणजे हॉल कसा मोकळा दिसेल."

"आणि खुर्ची?"

"खुर्ची गॅलरीत टाकू."

सासऱ्यांनी पेपराची चौघडी घातली. "अडचण होत असेल तर जातो की," म्हणाले आणि चपला घालून निघाले. बायकोने सरांकडे असं काही पाहिलं, की दुसरा कुणी असता तर जागच्या जागी विरघळला असता. सरांनाही आत कुठेतरी टोचलं. पण तेवढ्यात बेल वाजली.

मॅडम आल्या, सोफ्यावर बसल्या, घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "माझ्याकडे वीस मिनिटं आहेत."

"पाचच पुरेत!" सरांनी बटण दाबलं.

ढब्बू वाफाळता चहा डोक्यावर घेऊन बोळातून ऐटीत आला. हॉलच्या दारातून आत शिरला. थांबला. लेझर गरगर फिरवला. आणि मॅडमकडे पाठ करून चालता झाला!

"हा कुठे निघाला?" मॅडम.

"येईल, येईल. जरा लाजाळू आहे."

ढब्बू समोरच्या बेडरूममध्ये गेला. तिथेही थांबून लेझर फिरवला, तेही पटलं नाही, आणि परत हॉलमध्ये आला. पुन्हा पाठ. पुन्हा बेडरूम. चहा येतोय, बघतोय, जातोय! सोयरिकीला आलेल्या मंडळींना घर पसंत पडू नये, तसं चाललं होतं.

चौथ्या फेरीला मॅडम उठल्या. "थांबा, मीच घेते."

झालं! समोर दोन पाय आले की ढब्बूने बाजूला व्हायचं, हे सरांनीच त्याला घोटून शिकवलेलं. मॅडम उजवीकडे, ढब्बू डावीकडे. मॅडम डावीकडे, ढब्बू उजवीकडे. चहा पुढे, प्राचार्य मागे, अशी वरात थेट बेडरूममध्ये शिरली. तिथे बायकोने घरातला सगळा पसारा पलंगावर रचून वर चादर घातली होती. मॅडमचा धक्का लागला आणि आख्ख्या संसाराचे कपडे त्यांच्या पायांवर येऊन पडले.

"अहो, दार तरी लावू द्यायचं होतंत!" बायको किंचाळली.

"कसं लावणार? नकाशात दार उघडं आहे!"

"दहा मिनिटं राहिली," मॅडम पायावरचा टॉवेल उचलत म्हणाल्या.

सरांच्या डोळ्यांपुढे वाकड्या रेघांचा समुद्र! त्यांनी लॅपटॉप उघडला. नकाशात हॉल आणि बेडरूम एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसत होते. तेवढीच लांबी, तेवढीच रुंदी, सोफ्याच्या जागी पलंग. नडगीच्या उंचीवरून बघणाऱ्याला पाय तेवढे दिसणार, मग तो सोफा काय आणि पलंग काय! मग चार दिवस त्याला हॉल ओळखू तरी कसा आला?

बायको खांद्यावरून वाकून बघत होती. "हॉलमध्ये हा काळा ठिपका कसला?"

"खांब असेल."

"आपल्या हॉलमध्ये खांब कुठाय?"

सरांनी ठिपका मोठा केला. चार बारीक ठिपके, खुर्चीच्या पायांचे. त्यांच्यापुढे एक जाड ठिपका आणि त्याला चिकटून आडवा दुसरा.

"खांब काय म्हणता!" बायको ओरडली. "हे माझे बाबा आहेत!"

सर अनवाणी जिना उतरले. सासरे बाकावर पेपर वाचत होते.

"मामा, चला! तुम्ही नसलात तर त्याला घरच ओळखू येत नाही!"

"कुणाला?"

"ढब्बूला. आणि खरं सांगू? मलाही नाही यायचं. चुकलं माझं, तुम्हाला असं उठवायला नको होतं."

सासऱ्यांनी चष्म्यावरून जावयाकडे बघितलं. त्यांचे डोळे किंचित ओलावले. पण घड्याळवाला माणूस, घाई त्याला माहीत नाही. "एवढी बातमी संपवतो," म्हणाले, आणि संपवलीच.

खुर्ची गॅलरीतून आली, होती तिथे ठेवली गेली. सासरे बसले. उजव्या पायावर डावा, पेपर वर. ढब्बू दारात आला, लेझर फिरवला, आणि जिवात जीव आल्यासारखा सरळ सोफ्यापुढे जाऊन उभा राहिला!

चहा गारढोण झाला होता. मॅडम तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या, आणि इतका वेळ दाबून धरलेलं हसू त्यांनी एकदाचं सोडून दिलं.

"प्रयोगशाळा तुमची, सर. इतकी छान चूक मी आजवर पाहिली नव्हती, पोरांना पहिल्या तासाला हीच शिकवा. अट एकच. तिथला नकाशा करताना खोलीत चिटपाखरूसुद्धा बसता कामा नये."

"प्रश्नच नाही, मॅडम!"

आणि सरांनी शब्द पाळला. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी प्रयोगशाळेतून त्यांनी पोरं हाकलली, शिपाई हाकलला, खिडकीतली मांजर हाकलली. दाराला आतून कडी घातली आणि तीन तास घेऊन नकाशा केला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे जमले. सासरे पहिल्या रांगेत, मानाने. ढब्बू फुलं घेऊन आत आला. थांबला. लेझर फिरवला. आणि पाठ करून आतल्या, तेवढ्याच लांबीरुंदीच्या स्टोअररूमकडे निघाला.

सासऱ्यांनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि लॅपटॉपवर वाकले.

"जावईबापू, कोपऱ्यात हा ठिपका कसला?"

"तिथे... तिथे स्टूल होतं. मी बसलो होतो. नकाशा बघत."

"हललात?"

"छे! तीन तासांत एकदाही नाही."

सासऱ्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. सर निमूटपणे गेले, स्टूल ओढून बसले. ढब्बू वळला आणि तडक मॅडमपुढे जाऊन उभा राहिला. टाळ्यांचा कडकडाट!

"हात मिळवायला या ना, सर!" मॅडमनी हाक मारली.

"अहो, हलू नका!" बायको आणि सासरे एका सुरात ओरडले.

उद्घाटनाचा फोटो आजही प्रयोगशाळेत लावलेला आहे. त्यात मॅडम आहेत, सासरे आहेत, फुलं घेतलेला ढब्बू आहे. प्रमुख तेवढे नाहीत. ते कोपऱ्यात खांबाच्या कामावर होते.