दोन बोटं तेल

शुक्रवारी दयाबाईंच्या गुडघ्यांचं तेल दोन बोटं कमी भरलं. तेल काही साधंसुधं नव्हतं. कापूर, ओवा, निलगिरी आणि वरून मिरची घालून गावातल्याच, बेलापूरच्या वैद्याने काढलेलं. नुसतं झाकण उघडलं तरी शेजारी शिंकायचे. सून ग्रेस रोज संध्याकाळी त्यानेच सासूबाईंचे गुडघे चोळायची. म्हणजे चोर कोण, हे ठरवायला दयाबाईंना फौजदार लागणार नव्हता.

"केडगावला किती धाडलं?" त्यांनी विचारलं. केडगाव ग्रेसचं माहेर, आणि तिच्या आईचेही गुडघे धरलेले.

"काय धाडलं, आई?"

"तेल. मला काय कळत न्हाई व्हय?"

"मी थेंबसुद्धा दिला नाही."

"थेंब कोन म्हनतंय? दोन बोटं म्हनते मी."

पुढच्या रविवारी केडगावला ग्रेसच्या भाचीचा बाप्तिस्मा होता. बिचारीने साडीसुद्धा इस्त्री करून ठेवलेली. दयाबाईंनी सांगून टाकलं, तेलाचा उलगडा झाल्याशिवाय माहेर बंद. मग त्यांनी बाटलीवर पेनाने रेघ मारली, येता-जाता ग्रेसचे हात हुंगले, भाजी बघायच्या निमित्ताने तिची पिशवी चाचपली. शनिवारी पाहतात तो तेल रेघेच्याही खाली. आणि ही बया वर विचारते, गुडघे कसे आहेत. चोर तो चोर, वर शिरजोर, असं दयाबाई दिवसभर भिंतीला ऐकवत होत्या.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थना होती. दयाबाईंचे यजमान शलमोनराव, रिटायर मास्तर, यंदाच मंडळीचे पंच झाले होते. आजाऱ्यांच्या कपाळाला अभिषेकाचं ऑलिव्ह तेल लावायचा मान त्यांचा. त्यांचं बोट छगनच्या कपाळाला लागलं आणि छगन डोळे पुसायला लागला. पाठोपाठ लंकाबाई. नवरा गेला तेव्हा जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती आज हुंदके देत होती.

"हे पवित्र आत्म्याचं काम," पाळकसाहेब भारावून म्हणाले. तोवर आख्खी रांग रडत होती. डोकेदुखीसाठी उभी राहिलेली ग्रेससुद्धा.

शेवटी दयाबाईंची पाळी आली. कपाळ चरचरलं, नाकात ओवा-कापूर शिरला आणि त्यांनी तो वास ओळखला.

"अहो," त्या कुजबुजल्या, "हे तेल कुटलं?"

"आपल्याच फळीवरचं. ऑलिव्हच्या बाटलीतलं," शलमोनराव प्रेमाने म्हणाले. "शुक्रवारी थोडं काढून ठेवलं, काल आणखी."

ऑलिव्हचं तेल खवट झालं म्हणून सोमवारीच फेकलं होतं. एवढी छान काचेची बाटली टाकवेना, म्हणून तिच्यात गुडघ्यांचं तेल ओतणाऱ्या खुद्द दयाबाईच. आणि शलमोनरावांचं नाक जन्माचं चोंदलेलं, त्यांना वास कुठून येणार? दयाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्यातली निम्मीच तेलाची होती.

बाहेर जो तो शलमोनरावांचा हात हातात घेत होता.

"मास्तर, तुमच्या हाताला लई गुन हाय," छगन म्हणाला. "म्हैन्याची सर्दी मोकळी झाली."

तीस वर्षं शाळेत ज्यांचं कुणी ऐकलं नाही, ते मास्तर आज दोन इंच उंच दिसत होते. आता खरं सांगायचं तरी कुणाला? दयाबाईंनी ग्रेसला बाजूला घेतलं.

"जा तू केडगावला."

"तेल सापडलं?"

"सापडलं म्हन."

"कुठं?"

"समदं इचारायचं नसतं."

घरी पोहोचतात तोच केडगावहून ग्रेसच्या आईचा फोन आला; दयाबाईंनी तो स्पीकरवर घेतला. बातमी तिथवर गेलीसुद्धा होती.

"सलाम, विहीणबाई. मास्तरांच्या तेलानं मानसं बरी व्हायलीत म्हनं. ग्रेससंगं थोडं द्या की धाडून."

"थोडं कशाला, बाटलीभर देऊ," शलमोनराव मागून म्हणाले.

झालं. ज्या तेलावरून घरात एवढं रामायण घडलं, ते दयाबाईंना आपल्याच हाताने केडगावसाठी भरावं लागलं. ग्रेस पिशवी उघडून शेजारी उभीच होती.

"झाकण घट्ट लावा, आई," ती हळूच म्हणाली. "मम्मीला मी सांगते, कपाळाला नको, गुडघ्यालाच लाव."