कानाचे फोटो

"बाईंनी एक फोटो पाहिला ना, की सही करूनच उठतील!" कॅमेरेवाले सकाळपासून भेटेल त्याला हेच सांगत होते. कंपनीच्या नव्या फोनचा कॅमेरा त्यांनी दोन वर्षं रक्त आटवून बनवला होता. त्यांचं खरं नाव कंपनीत कोणी घेतच नसे.

कंपनी फोन बनवायची आणि बनवलेले फोन गोदामात रचून ठेवायची. लिफ्ट बंद, कॉफीचं मशीन विकलेलं, अर्ध्या मजल्यावरचे दिवे काढलेले! आता शेवटची आशा म्हणजे खरेदीच्या बाई. मोबाइल नेटवर्कच्या एका बड्या कंपनीसाठी फोन कुठले घ्यायचे, ते त्या ठरवत. त्यांनी मान डोलावली तर ठीक, नाहीतर मालकांसकट सगळे घरी!

बाई आल्या. इतके जिने चढून त्यांचा चेहरा आधीच आंबला होता. कॅमेरेवाल्यांनी फोन भिंतीवरच्या पडद्याला जोडला आणि खिडकीतल्या कबुतरावर रोखला. पडद्यावर कबुतर एवढं अगडबंब झालं की मालक दचकून मागे सरकले!

"पीस न् पीस मोजून घ्या!" कॅमेरेवाले म्हणाले.

"आम्हाला कबुतरं विकायची नाहीयेत," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. चाचणीसाठी कॅमेरेवाल्यांनी स्वतःचंच सिम त्यात घातलं होतं! पडद्यावर हातभर अक्षरं झळकली: 'घर'. घामेजल्या बोटाने ते कट करायला गेले आणि फोन उचलला गेला. तोही स्पीकरवर!

"अहो, ऐकताय का?" बायको कडाडली. "तुमच्या कंपनीचा हा नवा फोन आईंना दिलात ना? त्यावरूनच बोलतेय मी. त्या फोन लावायला जातात आणि निघतो त्यांच्या कानाचा फोटो! सगळा फोन कानांनी भरलाय!"

मालकांनी डोळे मिटून घेतले.

"नंतर बोलू गं..."

"नंतर कशाला? तो मेला कॅमेरा आधी काढून टाका! आईंना या फोनवर कानातल्या मशीनशिवाय स्वच्छ ऐकू येतं, म्हणून ठेवलाय. नाहीतर कधीच भंगारात गेला असता!"

कॅमेरेवाले लाल बटण शोधू लागले.

"बंद करू नका!" बाई ताडकन उठल्या. "आईंना द्या."

पलीकडून खणखणीत आवाज आला, "कोण गं तू?"

"मी... ऑफिसातलीच. मी हळू बोलतेय, तरी ऐकू येतंय तुम्हाला?"

"न यायला काय झालं? सर्दी झालीये तुला. वाफ घे बाळा."

बाई मटकन खाली बसल्या. नाक पुसून म्हणाल्या, "माझ्या आईला फोनवर माझं एक अक्षर ऐकू येत नाही. हल्ली ती उचलतच नाही." मग सावरून मालकांकडे वळल्या. "वयस्कर मंडळींसाठी आम्ही हेच फोन घेतो. सगळे! फक्त वहिनी म्हणतात ते करा. कॅमेरा काढा!"

मालकांनी कॅमेरेवाल्यांना कडकडून मिठी मारली. "कमाल केलीत! म्हणजे, वहिनींनी! आपल्या विक्री विभागाच्या प्रमुख होतील का, विचारा!"

कॅमेरेवाल्यांनी जिन्यात जाऊन बायकोला फोन लावला.

"येते की!" ती खुशीत म्हणाली. "पण अहो, कॅमेराच नाही, तर तुमचं काय?"

"तुझ्या हाताखाली एक जागा आहे म्हणतात..."

"मग झालं तर! काही नवीन शिकायला नको!"